आमच्या घरातलो आवाज

आमचा काऊबॉय घोड्याला घाबरायचा. घोडाही त्याला घाबरायचा, पण घोड्याचं मी समजू शकते. ते बिचारं जनावर किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारं. टोपी घालून त्याच्या अंगावर बसून कधी कुणी आरोळी मारली नव्हती. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी काऊबॉयने चप्पल पायात अडकवली आणि आईला बरं नाही सांगून घर गाठलं. मग ती टोपी मीच घातली. सूड घेणारा मुलगा होता, त्याची सूड घेणारी मुलगी केली. मला काही अभिनयबिभिनय येत नव्हता, पण सूड मात्र मला खराच घ्यायचा होता.

तो व्हीसीडीचा जमाना होता. मालवणात लग्नाची शूटिंग करणारा माझा एक शाळेतला मित्र होता, त्याच्याकडे छोट्या कॅसेटचा कॅमेरा. माझं शिवणकामाचं दुकान. केबलवर तेव्हा इंग्रजी काऊबॉयचे पिक्चर हिंदीत बोलत लागायचे, ते बघून आम्ही दोघांनी ठरवलं की आपण मालवणीत असला पिक्चर काढायचा. वाळवंट कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात आमच्या सड्यावर, गावावरच्या पठारावर जाऊन बघा. पार क्षितिजापर्यंत करपलेलं गवत आणि काळा-तांबडा कातळ, झाड म्हणून औषधाला नाही. टोप्या मी शिवल्या, पिस्तुलं दिवाळीच्या टिकल्यांची, आणि बंदुकीचा धूर म्हणून खालून कुणीतरी विडी ओढायचं.

गोष्ट मी लिहिली होती. एक घोडेवाला माणूस एका म्हाताऱ्याला गावातून हाकलतो. म्हाताऱ्याची मुलगी सैतानाकडे जाते आणि त्याचा सत्यानाश मागते. सैतान म्हणतो, बदल्यात काय देतलस? ती म्हणते, माझो आवाज घे. सूड पुरा होतो आणि ती मुकी होऊन घरी येते.

हा घोडेवाला कोण, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारायची गरज नव्हती. माझे बाबा दशावतारी कंपनीत राक्षस करायचे. देवळाच्या मागच्या घरांतली पोरं त्यांची आरोळी ऐकून अंथरुणात दडायची, असा आवाज. आणि त्या वर्षी कंपनीच्या मालकांनी भर हंगामात त्यांना घरी पाठवलं. बाबा मुकुटाची पेटी घेऊन आले, म्हणाले, "माका काढलो," आणि पुढे एक अक्षर नाही. मी पेटले. जन्मभर घसा फोडून त्या माणसाची कंपनी उभी केली आणि असं वागवायचं? बाजारात मालक समोर आले तर मी रस्ता बदलायची नाही, मुद्दाम समोरून जायची आणि बघायची नाही.

पिक्चर काढायचं खरं कारण तेवढंच. बाबांना सैतान करायचा आणि तो आवाज गावोगाव पोचवायचा, आणि घोडेवाल्याला मालकांसारखी मिशी लावायची.

बाबा तयार झाले, पण एका अटीवर. ते म्हणाले, "सैतान म्हणा नको. तो आपलो राखणदार, देवचार. सौदो करता, पण चोख. बोलशीत तेवढाच घेता, वर काडयेक हात लावचो नाय." काठी, घोंगडी आणि करकरत्या वहाणा, असा त्यांनी स्वतःच वेष ठरवला. वर मला दटावलं की देवचाराशी इंग्रजी पिक्चरसारखं कुणी बोलत नाही, त्याला गाऱ्हाणं घालावं लागतं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगते. एकाने देवाला हाक मारून मोठ्याने मागणं मांडायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं लागत नाही. आणि मागणं कधी एकट्यासाठी नसतं. आमच्या घराक, आमच्या गावाक, असंच मागायचं. 'मी', 'माझं' हे शब्द गाऱ्हाण्यात बसतच नाहीत.

सौद्याच्या सीनला गर्दी हवी होती. गल्लीतल्या मासे विकणाऱ्या बायकांना मी गळ घातली. त्या बाजार उरकून, टोपल्या धुऊन, ऊन उतरताना सड्यावर आल्या. मोजून एकवीस. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही एवढंच त्यांना सांगितलं होतं, काय बोलायचं ते काहीच सांगितलं नव्हतं. बाबा कातळावर काठी टेकून उभे. मी टोपी काढली, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, बारा वेशीच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," एकवीस जणी म्हणाल्या. कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात बसलेलंच ते.

मला चेव चढला. ज्याने आमच्या बापसाक हाकलल्यान, त्याचा वाटोळा कर. व्हय म्हाराजा. बाबांनी तो दगड फोडणारा आवाज काढून विचारलं, बदल्यात काय देतलस? आणि मी त्याच तालात म्हणाले, "आमच्या घरातलो आवाज घे."

"व्हय म्हाराजा."

मित्र कॅमेरा खाली ठेवून नाचायला लागला, असला ओरिजनल सीन म्हणे मुंबईतही कुणी काढला नसता. मलाही कळलं नाही. कळलं ते शेजारच्या काकीला, आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या मासेवालीला. ती माझा दंड धरून बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "गो, तू घरातलो म्हटलंस." कागदावर काय होतं ते मी सांगितलं तर ती म्हणाली, कागद देवचार वाचत नाही. मी हसण्यावारी नेलं. बाबाही हसले, पण हसताना त्यांना ठसका लागला, तो काही केल्या थांबेना.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत त्यांचा आवाज चिरकायला लागला. मी आधी आल्याचा काढा दिला, मग ओरडले की थंड सोलकढी प्यायचं बंद करा. मग भात गिळवेना. मालवणातल्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बघितलं आणि गोव्याची चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून शुद्ध मराठीत समजावलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, ते काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख पुढच्याच पंधरवड्यातली. मी विचारलं, गाठ कधीची असेल? त्या म्हणाल्या, काही महिन्यांची तरी.

काही महिन्यांची. म्हणजे माझ्या गाऱ्हाण्याच्या आधीची. ते मला कळत होतं, मी काही अडाणी नाही. पण एसटीत खिडकीशी बाबा डोळे मिटून बसलेले आणि माझ्या कानात एकवीस बायकांचं व्हय म्हाराजा. मीच दिला, मीच दिला, एवढंच डोक्यात. घरी उतरल्याबरोबर पिशवीही न ठेवता काकीकडे गेले आणि रडले.

काकीने मला रडू दिलं. मग म्हणाली, "फिरवूक येता. पण ज्या तोंडांनी व्हय म्हटला, तीच तोंडां व्हयी. एक कमी नाय."

झालं. रडणं तिथे संपलं. डॉक्टर गाठ काढणार होते ते काढोत, पण माझ्या तोंडून गेलेला शब्द मी परत घेणार, बाबांचा आवाज आहे तोवर, त्यांच्या समोर. मित्राला सांगितलं, पिक्चरचा शेवट बदलला. मुलगी सूड नको म्हणते आणि सौदा फिरवते. तो कुरकुरला, म्हणाला, सूड नसेल तर काऊबॉयचा पिक्चर कसला. मी म्हटलं, कॅमेरा आणणार आहेस की दुसरा बघू?

एकेकीच्या दारात गेले. कुणी मासे कापत होती, कुणी सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकत होती. एकही नाही म्हणाली नाही. एकजण शिरोड्याला माहेरी गेली होती, तिला तिकडे जाऊन एसटीने घेऊन आले. एकवीस जणी पुऱ्या झाल्या. काकी म्हणाली, अजून एक राहिला. ज्याचं वाटोळं मागितलंस त्याला उभा कर, त्याच्यासमोर मागे घे.

मालकांच्या दारात पाऊल टाकताना माझे दात आवळलेले होते. ते पडवीत जुने मुकुट दुरुस्त करत बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं, तुमच्यावर पिक्चर काढला, तुमचा नाश मागितला, आता परत घ्यायचाय, या. माफी मागितली नाही, ते खोटं झालं असतं. मालकांनी हातातल्या मुकुटाला गोंद लावून तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सा म्हयने सांगतंय त्येका, खेळ संपलो काय घसो बसता तुझो, डाक्टराक दाखव. ऐकलो नाय. शेवटाक म्हटलंय, दाखवन ये, मगच तोंडाक रंग लाव. तुमका सांगूक नाय त्याने?"

घरी कशी आले मला आठवत नाही. बाबा मागच्या दारी अबोलीला पाणी घालत होते. मी जन्मात त्यांच्याशी जितकी भांडले नसेन तितकी त्या दिवशी भांडले. आम्ही उगाच त्या माणसाला शिव्याशाप दिले, सहा महिने फुकट घालवले, लवकर दाखवलं असतं तर कदाचित आवाज राहिला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तांब्या खाली ठेवला. मग जेवढा उरला होता त्या आवाजात बोलले.

"काढलो म्हटल्यार लोक मालकावर रागावतत. आवाज गेलो म्हटल्यार माझी कीव करतत. तुझी कीव माका नको होती, बाय."

मी तांब्या उचलला आणि उरलेल्या रोपांना पाणी घातलं.

गोव्याला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सड्यावर जमलो. वारा इतका होता की टोपी डोक्यावर ठरेना, शेवटी पदराने बांधली. एकवीस बायका, त्यांच्या मागे शेवटी मालक, हात जोडून. बाबा घोंगडी पांघरून कातळावर. वहाणा करकरल्या तसे सगळे गप्प झाले. मी घसा खरवडून ओरडले. बा देवा म्हाराजा, रागाच्या भरात काय चुकला माकला आसात तर पदरात घे. ज्याचा वाटोळा मागलंय त्याका सुखात ठेव. आमच्या घरातलो आवाज घरातच ऱ्हवांदे. प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा, आणि त्यात मालकांचा जाडा आवाज सगळ्यांच्या वर. माझं संपेना. तेच तेच पुन्हा मागत राहिले, सगळ्या देवांची नावं घेऊन झाली, रडत होते की ओरडत होते कुणास ठाऊक.

तेव्हा बाबांनी काठी आपटली. म्हणाले, "आता गप रव गो. माका बोलूक दी."

आणि बोलले. कागदावरचं नाही. राक्षस रंगमंचावर येतो तेव्हाचं त्यांचं सगळं बोलणं, मी कोण, कुणाचा पुत्र, तिन्ही लोकांत मला कोण अडवणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुरुवातीला खरखर होती. मग कुठून आला तो आवाज, कुणास ठाऊक. खाली चरणारा घोडा मान वर करून बघायला लागला. काकी तोंडात पदर कोंबून उभी होती. शेवटची आरोळी मारून बाबा कातळावर बसले आणि पाणी मागितलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला तो गेला, गाऱ्हाण्याने गाठ विरघळली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. गळ्यावर पट्टी बांधलेल्या बाबांना घरी आणलं तेव्हा मी त्यांना पाटी-पेन्सिल घेऊन दिली. त्यांनी त्यावर पहिलं काय लिहिलं असेल? पाणी नाही, दुखतं नाही. लिहिलं, "कॅसेटीत आवाज बरो इलो?"

त्या कॅसेटला मी तोवर हात लावला नव्हता. संध्याकाळी मित्र कॅमेरा घेऊन आला आणि टीव्हीला जोडला. पहिल्यांदा तो सौदा फिरवण्याचा भाग लागला. पडद्यावर मी, पदराने बांधलेली टोपी, तोंड उघडतेय, मिटतेय. आवाज नाही. वारा नुसता घोंघावतोय. मधेच बायकांचं व्हय म्हाराजा स्पष्ट, आणि पुन्हा माझं मुकं तोंड. मित्र ओशाळला. म्हणाला, माईक बाबांच्या अंगाने लावला होता, तू वाऱ्याच्या बाजूला होतीस. बायका बाबांच्या बाजूला म्हणून त्या आल्या. काळजी करू नको, तुझा भाग घरात बसून परत भरता येईल. मी म्हटलं, नको, राहू दे असंच.

मग बाबांची काठी आपटली, आणि आता गप रव गो, आणि त्यापुढचा शब्द न शब्द, अगदी वहाणांच्या करकरीसकट. घर हादरलं. रस्त्यावरून जाणारी माणसं अंगणात येऊन उभी राहिली. बाबा पाठ ताठ करून ऐकत होते, ओठ हलवत. संपल्यावर त्यांनी हाताने खूण करून कॅसेट मागे घ्यायला लावली. माझा भाग पुन्हा आला, मी पुन्हा तोंड उघडून मुकी. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पाटी ओढली आणि लिहिलं, "तुझो आवाज खंय?"

मी म्हटलं, "दिलंय."