राऊतांची खुर्ची

गनीचाचांना कोणी गरीब म्हटलेलं खपत नसे. परवडत नसलेली एवढी एकच चैन त्यांनी आयुष्यभर केली.

पिंपळगाव राजात ते गाद्या भरायचे. खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं ते माणसाएवढं धनुष्य. गल्लीत शिरताना त्याची तात एकदा छेडली की झालं, ओरडावं लागत नसे. आमच्या अंगणात चादर पसरून ते दगड झालेली जुनी गादी उसवत आणि दुपारपर्यंत पिंजून, भरून, शिवून मोकळे होत. मग त्या गादीवर स्वतः आडवे पडून क्षणभर डोळे मिटत आणि उठून म्हणत, "घ्या मास्तर. मी झोपून पाह्यली, आता तुमी झोपा." त्यांच्या स्वतःच्या घरात गादी नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "हलवाई घरी पेढेच जेवते का?"

निघताना ते आपली झोळी अंगणात उलटी करून झटकत. पिंजारी कापूस लांबवतात असा लोकांचा समज. पण चाचांवर तसा आळ कोणी घेतला नव्हता. मी म्हटलं, "चाचा, काऊन झटकता? कोणाला शक आहे?" ते म्हणाले, "लोकायले येऊ नये म्हनून नाही झटकत, मास्तर. मलेच येऊ नये म्हनून."

पुढे खामगावच्या दुकानांत फोमच्या गाद्या आल्या. शेगावची दोन लॉज दरवर्षी चाचांना आठ-आठ दिवस बोलावत, त्यांनीही फोम घेतला. गावातली कामं उरली, पण चाचांच्या घरावर पत्रे होते आणि पत्र्यांना भोकं. पावसाळाभर घरात कापूस ओला व्हायचा. ओला कापूस पिंजता येत नाही, म्हणून चार महिने पिंजण खुंटीला. पक्कं छप्पर मिळालं असतं तर त्यांनी बाराही महिने काम केलं असतं. त्यांची मागणी एवढीच होती, आणि तीही त्यांनी कधी तोंडाने केली नाही.

एका सव्वीस जानेवारीला शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे व्यापारी आले. मंचावरच्या सोफ्याची बैठक चाचांनीच भरून दिलेली होती. तिच्यावरून उठून पाहुणे पाऊण तास बोलले. गरिबी ही खिशात नसते, मनात असते. मनातून काढा, ती आयुष्यातून जाईल, असा मुद्दा होता. आम्ही शिक्षकांनी सर्वात जास्त टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं होतं. दोन दिवसांनी चाचा भेटले. म्हणाले, "साहेब बरोबर बोलले, मास्तर. मी घरी गेलो, मनातून काढून टाकली. मस्त हलकं वाटलं. मंग चाची म्हने, पीठ सरलं."

त्याच सालात घरकुलाच्या यादीसाठी घरोघर पाहणी निघाली आणि नेहमीप्रमाणे ती शाळामास्तरांच्या गळ्यात पडली. छप्पर कसलं, पंखा आहे का, खुर्च्या आहेत का, असे रकाने होते. चाचांचं नाव लागणार यात मला शंका नव्हती. आदल्या दिवशी ते रस्त्यात दिसले, तेव्हा मी सहज म्हटलं, "चाचा, उद्या तुमच्याकडे येतो. सोबत तालुक्याचे साहेब आहेत." पाहुणा कळवून आला की आपल्याकडचं घर काय करतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर भिंतींना ताजा चुना. कोपऱ्यात टेबलपंखा फिरत होता. दोन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. चाचीने कपबशीतून चहा आणला, आणि बशांना सोनेरी कड होती. मी ज्या खुर्चीवर बसलो तिचा डावा हात चिरलेला होता आणि तारेने शिवलेला. समोरच्या राऊतांच्या ओसरीवर मी दर रविवारी त्याच खुर्चीत चहा प्यायचो.

"चाचा, पंखा-खुर्च्या तुमच्याच ना?" मी मुद्दाम विचारलं. त्यांनी नाही म्हणावं म्हणून विचारलं.

चाचांनी तालुक्याच्या साहेबाकडे पाहिलं, दाराआड उभ्या चाचीकडे पाहिलं. "घरात हायेत त दुसऱ्याच्या कशा राहतीन?"

साहेब माझ्या कागदाकडे बघत होते. मी 'आहे' वर खूण केली. दोनदा.

त्याच आठवड्यात एका बागायतदाराने मला गोठ्यात पोत्यावर बसवून पाणी दिलं होतं. ट्रॅक्टर मळ्यात, फटफटी मेव्हण्याच्या घरी. त्याने गरिबी नीट मांडून ठेवली होती. तो यादीत आला. चाचा आले नाहीत.

ग्रामसभेत यादी वाचून हरकती घेणार होते. मी आदल्या दिवशी चाचांकडे गेलो. "उभे राहा आणि सांगा, वस्तू राऊतांच्या होत्या. मी मान्य करतो."

"मंग तुमी खोटं लिवलं, असं होईन ना?"

"होऊ द्या."

"तुमची नोकरी हाय, मास्तर. आन् राऊतबाईनं इज्जत झाकाले देल्ली खुर्ची. ते चारचौघात उघडी करू?"

तरी सभेत चाचा उभे राहिले. खरंच सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या घरापेक्षा माझ्या नोकरीचीच काळजी जास्त वाटली. ग्रामसेवक म्हणाले, "बोला, गनीभाई."

"हरकत नाही काही," चाचा म्हणाले. "फकत जरा जोरानं वाचा. मागं ऐकूच येऊन नाही राह्यलं." आणि खाली बसले. लोक हसले.

गावात आजही म्हणतात, गनी स्वभावामुळे वर आला नाही. हे मला खोडता येत नाही, हीच अडचण आहे. स्वभावामुळेच राहिला तो मागे. पण तो स्वभाव नेमका कोणता, हे म्हणणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही, आणि सांगत बसण्याचा मलाही आता कंटाळा येतो. परिस्थितीला दोष देणारी भाषणंही मी पुष्कळ ऐकली. रकान्यावर खूण माझ्या हातानं झाली होती. परिस्थितीचा तेवढा भाग मी होतो.

मागच्या वर्षी वादळात पत्रे गेले. चाची त्याआधीच गेली होती. मलकापूरची लेक न्यायला आली, तेव्हा मी भेटायला गेलो. चार बोचकी आणि पिंजण एवढं सामान दारात होतं. वर आभाळ दिसत होतं. मला पाहताच चाचांनी हातातलं बोचकं खाली ठेवलं आणि रस्ता ओलांडून समोर गेले. परत आले ते निळी खुर्ची उचलून. डाव्या हातावर तारेची शिवण होती.

छप्पर नसलेल्या घराच्या मधोमध त्यांनी ती ठेवली आणि खांद्यावरच्या रुमालाने पुसली.

"बसा, मास्तर."

"चाचा, ही तर..."

"बसा ना. घरचीच हाय."

मी बसलो.