कॉटखालची फियाट

कुणाच्या शोकेसमध्ये खेळण्यातली मोटार दिसली, की मी आजही वाकून तिच्या काचा बघतो. नातवंडं हसतात. त्यांना काय ठाऊक, कोल्हापुरात नोकरीला असताना एका वीतभर मोटारीनं मला कसा घाम फोडला होता ते! नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही, फक्त स्वतःची चूक सांगणार आहे.

सुरुवात करावी लागेल ती एका डॉक्टरांच्या फियाटपासून. पांढरी, जपून बाळगलेली गाडी. भर दुपारी बंगल्याच्या दारातून गेली. डॉक्टर शहरातलं मोठं प्रस्थ. फिर्यादीतच त्यांनी ड्रायव्हरवर संशय घेतला. ड्रायव्हर गडमुडशिंगीचा, पन्नाशीचा, नऊ वर्षं त्यांच्याकडं होता. किल्ली त्याच्याकडं असायची, त्या वेळी तो जेवायला गेला होता आणि जेवताना त्याला कुणी बघितलं नव्हतं. मला तेवढं पुरलं. नोकरानं केलेल्या चोरीचं कलम लावलं, चार दिवस कोठडी घेतली, दोन कानाखालीही वाजवल्या. तो एकच सांगत राहिला, "साहेब, दुसरी किल्ली घरात खुंटीला असती की. घरातल्यांस्नी इचारा." मी विचारलं नाही. डॉक्टरांच्या घरातल्या माणसांना ठाण्यात कोण बोलावणार?

गाडी मिळाली नाही. तो जामिनावर सुटला. दर सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी, अशी अट होती. पांढरी टोपी, सायकल, डब्याची पिशवी घेऊन तो यायचा आणि दारातल्या बदामाखालच्या बाकड्यावर बसायचा. अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करायचा, 'हजर, चौकशी करून सोडले'. गावानं त्याला चोर ठरवला होता. कुणी स्टेअरिंग हातात देईना. तो गुळाच्या अड्ड्यावर रवे, म्हणजे ढेपा, उचलायला लागला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. माझं म्हणणं, पचवलंय गड्यानं, एक दिवस ओकेल.

असे तीन महिने गेले. एक दिवस फोटो धुऊन देणाऱ्या एका दुकानदारानं मला बाजूला घेतलं. तो अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा. दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक गिऱ्हाईक हाय. दर महिन्याला रोल आणतंय. सगळं मोटारींचं फोटू. पर रोलमधी माणूस म्हणून न्हाय. एकबी न्हाय!"

त्यानं चौदा फोटो टेबलावर मांडले. एकच रस्ता, एकच भिंत, एक विजेचा खांब, लांब जोतिबाचा डोंगर. प्रत्येक फोटोत वेगळी मोटार. मारुती, जीप, ॲम्बॅसिडर. रस्ता मात्र निर्मनुष्य. अहो, कोल्हापुरात पहाटेसुद्धा रस्त्यावर दूधवाला असतो, म्हैस असते. इथं चिटपाखरू नाही! मला वाटलं, हा गाड्या लपवायचा अड्डा. शहरातून तेव्हा गाड्या जात होत्याच. मी नंबर उतरवून चोरीच्या यादीशी ताडले. तेरा नंबर साधे निघाले. चौदावा डॉक्टरांच्या फियाटचा.

रोल दहा दिवसांपूर्वीचा. म्हणजे गाडी शाबूत होती आणि इथंच कुठंतरी होती. दोन दिवस आम्ही तो रस्ता शोधला. खांब सापडेना, भिंत सापडेना. संशय आणखी वाढला.

तिसऱ्या दिवशी पथकानं त्या गिऱ्हाइकाला चौकशीसाठी आणलं. चाळिशीचा, एकटा, उद्यमनगरात पॅटर्न मेकर. म्हणजे ओतकामासाठी आधी लाकडाचा जो हुबेहूब नमुना लागतो, तो करणारा कारागीर. आमच्या हवालदारानं त्याला बघितलं आणि माझ्या कानाशी लागला, "साहेब, ह्यो दर सोमवारी समोरच्या चहाच्या गाड्यावर बसून आपल्या आवारातल्या गाड्यांची चित्रं काढतोय. म्या सोता बघितलंय."

झालं! खुद्द ठाण्यावर पाळत. माझं डोकं सणकलं.

"सोमवारी कशाला येतोस इथं?"

"कारखान्याला सुट्टी असती साहेब. तुमच्याकडं जप्तीच्या गाड्या लई. हलत न्हाईत. माप घ्यायला बरं पडतंय."

"कसलं माप?"

"गाडीचं."

मी फियाटचा फोटो त्याच्यापुढं आपटला. "ही गाडी कुठंय?"

त्यानं फोटो हातात घेतला, कौतुकानं बघितला आणि म्हणाला, "माझ्या कॉटखाली हाय."

खोलीत दोन शिपाई होते, ते फिसकन हसले. मी तेवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, माझ्या तोंडावर हा उद्धटपणा! "नीट सांग, नाहीतर तुला कॉटवरनं उठता यायचं नाही."

"नीटच सांगतोय की साहेब. कॉटखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात हाय. मारुती कपाटावर हाय."

माझा हात वर गेला होता. तो खाली आला नाही, याचं श्रेय त्याच हवालदाराचं. बोटांचे ठसे बघायचं भिंग घेऊन तो कोपऱ्यात फोटो निरखत बसला होता. फियाटच्या चाकाजवळ एक काळं कुत्रं बसलेलं दिसत होतं. सगळ्या चौदा फोटोंत जिवंत म्हणून तेवढंच, आणि त्या कुत्र्यावरून तरी गल्ली सापडेल का, या विचारानं तो बघत होता. एकदम ओरडला, "साहेब! ह्या कुत्र्याला सहा पाय हाईत!"

मी भिंग ओढून घेतलं. मुंगळा होता.

दोन पंच घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. कॉटखालून त्यानं खोकं ओढलं आणि फियाट माझ्या हातावर ठेवली. वीतभर. सागवानी लाकडाची, वर लांबीची पुट्टी भरून घासलेली. गोळ्यांच्या पाकिटाच्या फुगवट्यांचे दिवे, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे बंपर, रबरी वायसरची चाकं. गच्चीवर स्टुलावर मांडलेला तो रस्ताही बघितला. चाळलेल्या राखेवर डांबराचा रंग, तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झाडं, मागं प्लायवूडवर रंगवलेलं आभाळ आणि डोंगर. त्याचे चुलते फिल्म स्टुडिओत पडदे रंगवायचे, त्यांच्याकडून तो हे शिकलेला.

"पडद्यावरच्या सावल्या सकाळी नवाच्या काढल्यात," तो मला समजावू लागला. "म्हणून फोटूबी नवालाच काढायचा. दहाला काढला की खोटं दिसतंय."

"आणि माणसं का नाहीत रे?" हवालदारानं विचारलं.

"माणूस एका जागी थांबतोय व्हय? माप कसं घेणार?"

सगळे हसत होते. पंच हसत होते, मीही सुटल्यासारखा हसलो. गाडी परत त्याच्या हातात देणार, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या डाव्या मागच्या दाराकडं गेलं. गाडी पांढरी आणि ते एक दार विटकरी. फोटोत ती बाजू आली नव्हती.

"हे दार रंगवायचं राहिलंय?"

"राहील कसं? बघितली तशीच केलीय. त्या दाराला रेड ऑक्साईड मारलं हुतं."

माझं हसणं तिथंच थांबलं. डॉक्टरांच्या फिर्यादीत गाडीला ओरखडाही नव्हता. दाराला अस्तराचा रंग लागला, तो चोरीनंतर.

"नंबर कुठनं घेतलास?"

"काचंवर कोरलेला हुता. प्लेट न्हवती. बिगरप्लेटची गाडी नागडी दिसती, म्हणून माझ्या मनानं लावली."

"कुठं बघितलीस? कधी?"

त्यानं फळीवरून एक वही काढली. पॅटर्नवाल्यांची शिस्त असते, तारीख घातल्याशिवाय माप लिहायचं नाही. वहीत फियाटची चारी बाजूंची चित्रं, इंच आणि त्याहून बारीक दोऱ्याच्या मापानं, आणि वर तारीख. चोरीनंतर अकराव्या दिवसाची. जागा गडहिंग्लज, स्टँडच्या मागचं गॅरेज. तो तिथं एका कारखान्याला नमुना पोचवायला गेला होता आणि एस.टी.ला वेळ होता, म्हणून माप घेत बसला होता. गॅरेजात रंगाला आलेल्या गाडीची प्लेट काढतातच, त्यामुळं त्याला वावगं वाटलं नव्हतं.

मी ती वही पंचनाम्यानं ताब्यात घेतली. त्या तारखेला ड्रायव्हर माझ्याच लॉकअपमधून सुटून जेमतेम आठवडा झालेला, रोज ठाण्याचा माणूस त्याच्या घरावर नजर ठेवून. तो गडहिंग्लजला गाडी रंगवत कसा बसेल?

गॅरेजवाला आधी 'न्हाय, न्हाय' करत राहिला. वहीतलं चित्र पुढं धरलं, दाराचा रंग दाखवला, तेव्हा गडी गार पडला. गाडी आणणाऱ्याचं वर्णन घेऊन मी अखेर डॉक्टरांच्या घरातल्यांना किल्लीबद्दल विचारलं, आणि त्यावरून धरलेला माणूस गॅरेजवाल्यानं ओळख परेडमध्ये ओळखला. डॉक्टरांचा सख्खा मेव्हणा! बहिणीच्या घरी जेवायला आला होता आणि जाताना खुंटीवरची किल्ली घेऊन गेला होता. सीमेपलीकडं गाडी विकली होती, तिथून ती आम्ही आणली. डॉक्टर ठाण्यात येऊन मला म्हणाले, "इन्स्पेक्टर, हे आपसात मिटवता नाही का येणार?" मी म्हणालो, "नाही येणार." तेवढं एक धड केलं.

ड्रायव्हरचं नाव वगळण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. डॉक्टरांनी त्याला परत बोलावलं, तो गेला नाही. मी शिपायाकरवी निरोप धाडला, 'आता हजेरीला यायचं कारण नाही.' माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं. माफी वगैरे काही मनातही आली नाही. वरून शाबासकीचं पत्र आलं होतं, त्यात मी खूष होतो.

कोर्टानं परत दिलेली वही न्यायला तो पॅटर्नवाला काही महिन्यांनी आला. येताना एक फोटो घेऊन आला होता. "साहेब, तुमचं ठाणं केलंय. बघा जमलंय का."

जमलं होतं. पाटी, जीप, कौलं, बदामाचं झाड. सावल्या नवाच्या. आणि झाडाखालच्या बाकड्यावर बोटाएवढा एक माणूस. पांढरी टोपी, मांडीवर डब्याची पिशवी, झाडाला टेकवलेली सायकल.

उगाच म्हणालो, "तू तर माणसं करत नाहीस ना?"

"न्हाय करत. पर ह्यो हालतच न्हवता की साहेब. चौदा सोमवार मोजल्यात म्या. निवांत माप घेतलं."

तो गेल्यावर मी स्टेशन डायरी मागवली. चौदा नोंदी. 'हजर, चौकशी करून सोडले.' यातली खरी चौकशी दोनदा झाली होती. बारा सोमवार तो माणूस नुसता बसून होता आणि मी आत होतो, खिडकीकडं पाठ करून. समोर चहा पीत बसलेल्या त्या कारागिराला तो दिसला. मला दिसला नाही. लाज वाटली. नोकरीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गडमुडशिंगीला गेलो. मुद्दाम वर्दीत गेलो, कारण त्याला नेताना गावानं वर्दीच बघितली होती. त्याच्या दारात माणसं जमली. आता कशाला आलाय ह्यो, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या माणसानं चोरी केली नव्हती. मी न विचारता याला चोर केला. चूक माझी आहे."

ड्रायव्हर उंबऱ्यात उभा होता. आत जाऊन त्यानं लाकडी स्टूल आणलं, टोपीनं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"बसा साहेब," तो म्हणाला. "बसून र्‍हायलं की काय वाटतंय, ते मला इचारा."

मी बसलो. त्यानं सांगितलं, मी ऐकलं. दीड-दोन तास लागले. त्यातलं इथं काही लिहीत नाही, ते त्याचं आहे.

पुढं गावातल्या एका शाळेनं त्याला गाडीवर घेतलं. माझ्या बदल्या होत राहिल्या. प्रत्येक नव्या ठाण्यात पहिल्या दिवशी मी एकच काम करून घ्यायचो. टेबल फिरवायला लावायचो, दारातलं बाकडं खुर्चीतून दिसेल असं. अंमलदार कुरकुरायचे, साहेब, उजेड डोळ्यांवर येतो की. येऊ दे, म्हणायचो.