मखमलाबादचा शिफू

नाव बहिरू, पण द्राक्षाच्या काडीचं त्याला ऐकू येतं, असं नाशिकजवळच्या मखमलाबादेत म्हणत. काडी बोटांत फिरवली की कुठल्या डोळ्यात घड आहे आणि कुठला डोळा नुसताच फुगून बसलाय, हे तो कात्री लावायच्या आधी सांगायचा. सहसा चुकायचा नाही. तरी बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याला कुणी बहिरूभाऊ म्हटलं नव्हतं. गुणाला भाव असतो म्हणतात ते काही खरं नाही. आपल्याकडे भाव सातबाऱ्याला असतो, आणि बहिरूच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. रोजाने लोकांच्या बागा छाटायच्या. "ए बहिऱ्या, उद्या आमच्यात ये रे," एवढ्यावर त्याचा मान संपायचा.

ज्या बागेत तो वीस वर्षं छाटणी करत होता, त्या घरचा महेश चीनहून द्राक्षबागांच्या मंडपाची तार आणायचा. २००५ साली तिथल्या एका द्राक्ष कंपनीच्या मॅनेजरला तो बोलता बोलता म्हणाला, की आम्ही नाशिकला वेल वर्षातून दोनदा छाटतो. आता नाशिकचं शेंबडं पोरही सांगेल, की एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घड धरायला. छाटण्या दोन, पीक एकच. मॅनेजरने मात्र मनातल्या मनात दोन पिकं काढून ठेवली आणि महेशने त्याची चूक दुरुस्त केली नाही. तारेचा मोठा सौदा चालू होता. "मग आमच्याकडे असा माणूस पाठवा," मॅनेजर म्हणाला. महेशने बहिरूचा पासपोर्ट काढला.

जुलैत दोघं तिकडे पोचले. बीजिंगच्या पलीकडे तीन तासांवर डोंगरातलं गाव. महेश आठ दिवस राहिला आणि परतला. दुभाषी म्हणून जी मुलगी दिली होती तिला इंग्रजी येत होतं, बहिरूला नव्हतं. नावाचा बहिरू तिथे खराखुरा बहिरा झाला आणि वर मुकाही. पोलीस चौकीत त्याचं नाव नोंदवून घेतलं. काय लिहिलं ते त्याला आजतागायत माहीत नाही. ऐन उकाड्यात गार पाणी कुणी देईना, जो तो थर्मासमधलं कढत पाणी पुढे करायचा. दोन काड्यांनी जेवायला बसला की निम्मं ताट मांडीवर सांडायचं. घरून नेलेलं बाजरीचं पीठ पंधरा दिवसांत संपलं.

राहायची सोय कंपनीने लाओ सुन नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी केली होती. लाओ म्हणजे वयाने मोठा. रविवारी दुकानातून फोन लावून बहिरूने बायकोला, छायाला, हे सांगितलं तर ती तिकडे हसून लोळायची बाकी. "म्हाताऱ्याचं नाव सून? मंग सासू कोण हाय त्या घरात?" सासू म्हणजे लाओ सुनची बायको, बुटकी आणि अखंड बोलणारी. बहिरूला काही कळत नाही हे तिला मान्यच नव्हतं. तिच्याकडे मक्याचं पीठ होतं. बहिरूने कढई पालथी घातली, पीठ मळलं आणि हातावर भाकरी थापली, तेव्हा तो आवाज ऐकून तिने चार घरच्या बायका बोलावून आणल्या. त्या दिवसापासून ती रोज पीठ काढून ठेवू लागली.

आणि तिथे त्याला सगळे 'शिफू' म्हणत. शिफू म्हणजे उस्ताद, गुरू. मॅनेजर म्हणे शिफू, म्हातारा म्हणे शिफू, रस्त्याने जाणारा सायकलवाला खाली उतरून शिफू म्हणे. ज्याला जन्मात कुणी अहोजाहो केलं नाही, त्याचं काय होणार? बहिरूच्या डोक्यात ते गेलं. नाही म्हणण्यात अर्थ नाही. तो स्वतःही पुढे कधी नाही म्हणाला नाही.

ऑगस्टअखेर पहिलं पीक उतरलं, तशी मॅनेजरने महेशमार्फत दुसरी छाटणी सांगितली. नववर्षाला दुसरे घड बाजारात हवेत. बहिरूला शंका आली. डोंगरांकडे बघून त्याने महेशला फोनवर विचारलं, "महेशभाऊ, इथं थंडी किती पडती?"

महेशने नाशिकहून मॅनेजरला विचारलं आणि परत बहिरूला कळवलं. "आपल्यापेक्षा जरा जास्त. आपल्याकडं निफाडला पारा घसरतो, तेव्हा शेकोट्या पेटवून बागा वाचवतोच ना आपण? तसंच."

याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. पण शेळ्यांनीही कुठे नाही म्हणून मान हलवली? मला या हवेचं काही माहीत नाही, एवढं एक वाक्य बहिरूने बोलायला हवं होतं. मखमलाबादेत तो बोललाही असता. शिफूच्या तोंडून ते निघालं नाही.

प्रयोगाला बाग कुणी द्यायची, यावर गावकरी गप्प बसले. लाओ सुनने आपली दिली. तीन मू, म्हणजे आपला अर्धा एकर. बारा वर्षांपूर्वी नवरा-बायकोने पाठीवर पाणी वाहून जगवलेले वेल, आणि घरात उत्पन्न तेवढंच. शिफू आपल्या घरचा, मग बाग दुसऱ्याची कशी, असं त्याला वाटलं असावं.

छाटणीच्या दिवशी सकाळी म्हातारा बहिरूला बांधावर घेऊन गेला. वेलींकडे बोट दाखवलं. हात आडवा करून त्यांना जमिनीवर निजवल्यासारखं केलं, गाल तळहातावर टेकवून डोळे मिटले आणि मग मूठभर माती उचलून वेलीच्या बुडाशी टाकली. दोनदा केलं. बहिरूला वाटलं, हा सांगतोय की आपले वाडवडील इथेच पुरलेत. त्याने चपला काढल्या आणि त्या मातीला मनापासून हात जोडले. म्हाताऱ्याने त्या काढलेल्या चपलांकडे पाहिलं. मग त्यानेही वाकून नमस्कार केला आणि कात्री त्याच्या हातात दिली.

छाटणी झाली, डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावली, आणि दहा-बारा दिवसांत बाग फुटली. आजूबाजूच्या बागांची पानं पिवळी पडत असताना लाओ सुनची बाग पोपटी झाली. लोक बघायला आले. कोवळ्या फुटीवर मोहरीएवढे मणी घेऊन घड लोंबू लागले, आणि म्हातारी दिसेल त्याला बहिरूचे हात धरून दाखवू लागली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिम पडलं. बहिरूने आदल्या संध्याकाळीच ओळखलं होतं, निफाडच्या पद्धतीने त्याने शेकोट्या रचल्या. लाकूड पुरेना, तेव्हा लाओ सुनने हिवाळ्यात घर उबदार ठेवायला साठवलेली मक्याची वाळकी धाटं गाडीभरून आणली आणि न विचारता आगीत घातली. उजाडलं तेव्हा दोघांची तोंडं काजळली होती आणि बागही. फुटवे उकडलेल्या भाजीसारखे मऊ होऊन खाली लोंबत होते. आठवड्याने ऊन पडलं. वेलींनी खोडातला उरलासुरला जीव काढून पुन्हा डोळे फोडले, आणि दुसऱ्या हिमाने तेही नेले.

मॅनेजर एकदा येऊन बघून गेला. नंतर त्याने बहिरूला बोलावलंच नाही.

नोव्हेंबर लागला, आणि सगळं गाव आपापल्या बागेत उतरलं. लोकांनी वेल तारांवरून सोडले, आडवे निजवले आणि फावड्याने त्यांच्यावर हातभर माती ओढली. हिवाळाभर वेल मातीखाली झोपतात. तेव्हा कुठे बहिरूच्या डोक्यात प्रकाश पडला, की बांधावर म्हातारा काय सांगत होता. इथे थंडी एवढी पडते की वेल पुरून ठेवावे लागतात, हे तो सांगत होता. आणि आपण हात जोडले.

बहिरू तसाच लाओ सुनच्या बागेत गेला आणि एका वेलीची साल नखाने खरवडली. जिवंत वेल आतून हिरवी असते. ही तपकिरी होती. दुसरी खरवडली, तिसरी खरवडली, ओळ संपली. खोडापर्यंत सगळं तपकिरी. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत? मागून म्हातारा-म्हातारी फावडी घेऊन आली. त्याच्यासाठीही एक आणलं होतं.

तीन दिवस बहिरूने त्यांच्या बरोबरीने ती मेलेली बाग मातीखाली निजवली. म्हातारा एकेक वेल वाकवताना मोडू नये म्हणून बुडाशी गुडघा टेकवायचा, आणि ते बघून बहिरूला मरण बरं वाटायचं. बोटाने ती तपकिरी साल दाखवायला किती वेळ लागला असता? त्याने नाही दाखवली. चौथ्या दिवशी त्याचं विमान होतं. म्हातारीने मक्याच्या पिठाची पिशवी बांधून दिली.

मखमलाबादेत आल्यावर लोक त्याला चायनावाला म्हणू लागले. तिकडे काय केलंस विचारलं की तो म्हणे, "छाटणी, दुसरं काय?" छायाने त्या पिठाच्या एकदा भाकरी केल्या. तो भरल्या ताटावरून उठून गेला, आणि का ते त्याने तिला सांगितलं नाही. एप्रिलची खरड छाटणी आली तेव्हा तो कामावर गेला, पण प्रत्येक वेल आधी खरवडून बघायचा. बाकीचे मजूर हसायचे.

मे महिन्यात महेशने त्याला ऑफिसात बोलावलं. फोन चालूच होता.

"तिकडचा मॅनेजर हाय," महेश म्हणाला. "तुझा तो म्हातारा बी बसलाय त्याच्याजवळ. म्हणतो, गावातले सगळे वेल फुटले, याचे फुटले नाय. शिफूला विचारा म्हणतो, अजून वाट बघू का काय औषध मारू?"

बहिरूला वाटलं होतं, कधीतरी शिव्या येतील. शिव्यांची त्याने तयारी केली होती. हा माणूस अजून त्यालाच विचारतोय, याची नव्हती.

"उपटा म्हणावं," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे. आन् त्याला सांगा, माझ्यामुळं मेले. मला त्या थंडीचं काय बी ठावं नव्हतं, तरी मी कात्री लावली. पुरायच्या आधीच कळलं होतं मला. मी बोललो नाय."

महेश इंग्रजीत बोलला. बहिरूला इंग्रजी येत नसलं तरी वाक्याची लांबी कळत होती.

"सगळं सांगितलं?"

"उपटा म्हणून सांगितलं. बाकीचं कशाला? उद्या भरपाई मागतील. आपला तारेचा कंटेनर निघालाय तिकडून."

फोनमधून मॅनेजरने म्हाताऱ्याला सांगितल्याचा आवाज आला. मग तिकडे फोन म्हाताऱ्याच्या हातात गेल्यासारखी खरखर झाली. बहिरूने महेशच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि तोंड उघडलं. त्या भाषेतले चाळीसेक शब्द त्याला येत होते. पाणी, मीठ, कात्री, हळू, उद्या. चूक या शब्दाला तिकडे काय म्हणतात, ते त्याला येत नव्हतं.

"शिफू?" तिकडून म्हातारा म्हणाला. "ची फान ला मा?"

जेवलास का? तिकडे माणसं भेटली की आधी हेच विचारतात.

"ची ला," बहिरू म्हणाला.

फोन कधी कट झाला ते त्याला समजलं नाही.

"काय बोलला रे त्याला?" महेशने घाईने विचारलं.

"जेवलो म्हटलं," बहिरू म्हणाला.