अंडरस्टूड म्हणजे स्टँडवर

इंग्रजी समजण्यात आमच्या उरणच्या घरात माझा हात कोणी धरू शकत नाही.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. सध्या मोबाईलवर शब्दांची मुळं शोधायचा नाद लागलाय. (घरच्यांच्या मते, रोग!) ‘इंटरप्रिटर’ म्हणजे दुभाषा, पण मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मध्यस्थ, दलाल. हे मी दादाला सांगितलं आणि तिथेच चुकलं. दादाचा धंदा ट्रेलरचा, त्याचं दलालांशी हाडवैर!

तरीही श्वेताच्या सोयरिकीत दुभाषा मीच ठरलो. श्वेता दादाची एकुलती एक मुलगी. तिने शिजू नावाचा मल्याळी मुलगा पसंत केला होता आणि त्याचे आईवडील रविवारी प्रथमच येणार होते. दादा आधीच कुरकुरत होता. त्यातून त्याने बजावलं होतं, "पावन्यांचा पाय पडंल तवा आख्खा घर दारान पायजे. मान चुकला तं सोयरीक मोडली!" श्वेता बिचारी सकाळपासून उपाशी होती.

पापलेटं साफ करता करता वहिनीने दादाचा फोन उचलला. शिजूचे वडील होते. वहिनीने त्यांना श्वास न घेता अस्सल आगरीत रस्ता सांगितला. "नाक्याव उतरा, मंग देवलाच्या बाजूनशी या, कुत्र्याला भिऊ नका!" मग फोन ठेवून म्हणाली, "भावजी, ते अंडरस्टूड बोलले. म्हंजी काय?"

"म्हणजे समजलं," श्वेता म्हणाली.

"थांब!" मी हात वर केला. "त्यांना आगरी येतं?"

"थोडंफार मराठी येतं म्हणे."

"थोडंफार! अगं, वहिनीचं हे भरधाव आगरी लग्नानंतर दोन वर्षं खुद्द आगरी दादाला समजलं नाही! मग मल्याळी माणूस ‘समजलं’ कसं म्हणेल? शब्दाच्या मुळाशी जा. ‘अंडर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘मध्ये’. ‘स्टूड’ म्हणजे उभे राहिले. भूतकाळ! पाहुणे केव्हाचे एसटी स्टँडच्या मधोमध उभे आहेत!"

"उनान?" वहिनी किंचाळली.

घराला कुलूप लागलं. हार, नारळ, ओवाळणीचं ताट आणि आम्ही चौघं शेजाऱ्याच्या टेम्पोत! स्टँडच्या बरोबर मधोमध एक जोडपं उभं होतं. गृहस्थ पांढऱ्या लुंगीत. (मूळ सापडलं!) मी "वेलकम!" म्हणत हार घातला, वहिनीने ओवाळलं, दादाने मिठी मारली.

"अवो, सोडा!" गृहस्थ ओरडले. "आमी पालीला गनपतीला चाललोय. गाडी सुटंल!"

इतक्यात श्वेताचा फोन वाजला. शिजू होता. पाहुणे आमच्या दारात उभे होते आणि दाराला कुलूप! श्वेताचा चेहरा पडला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मला टेम्पोखाली जावंसं वाटलं.

परत आलो तेव्हा पाहुणे पायरीवर बसले होते. कुत्रा त्यांच्या पायाशी. दादाने मान खाली घातली. मी घसा खाकरून सुरुवात केली, "सर, अ‍ॅक्चुअली..."

"र्‍हाऊ द्या, मास्तर," शिजूचे वडील म्हणाले. "मी तीस वरसा बंदरान काम केला. मना आगरी सगला समाजतं. वैनी, रस्ता मस्त सांगलाव! अंडरस्टूड नुसता हापिसाच्या सवयीनं बोललू."

दादा आधी थक्क झाला, मग खो खो हसत त्यांच्या गळ्यात पडला. "मधी दलाल नको, तेच बरा!" सोयरीक पायरीवरच ठरली. दुभाष्याला चहासुद्धा शेवटी मिळाला.

लग्नात मला एकच काम मिळालं. केरळचे पाहुणे उतरवून घ्यायला एसटी स्टँडच्या मधोमध उभं राहायचं. दिवसभर उभा होतो. ‘अंडरस्टँड’चा मूळ अर्थ आता मला पोटऱ्यांपर्यंत समजलाय!