साडूंची थंडी

सबंध सिंगापुरात थंडीची मनापासून वाट बघणारा एकच माणूस होता, आणि तो माझा साडू होता. जिथे बारा महिने एकच ऋतू असतो आणि त्याला नावं ठेवण्यापलीकडे कोणी काही करू शकत नाही, तिथे हे गृहस्थ नोव्हेंबर लागला की कपाटातून लोकरीची कानटोपी काढून खिडकीत उन्हाला ठेवायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आता तिकडे पाणी चार डिग्रीवर आलं असेल." तिकडे म्हणजे कोलोराडोत. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून मी त्यांना साडू म्हणायचो, आणि तेही मला साडूच म्हणायचे. त्यामुळे आमचा फोन नेहमी "साडू आहेत का?" "साडूच बोलतोय" असा सुरू व्हायचा आणि दोन्हीकडच्या मुली आतून हसायच्या.

साडू चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. सिंगापूरला येण्याआधी कंपनीने त्यांना दोन हिवाळे कोलोराडोतल्या एका डोंगराळ गावी पाठवलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकाने एका रविवारी त्यांना कमरेइतक्या रबरी विजारीत घालून धरणाखालच्या नदीत नेऊन उभं केलं, आणि तेव्हापासून ते मनाने तिथून बाहेर आलेच नाहीत. धरणाच्या तळातून सुटणारं पाणी गोठत नाही. काठावर गुडघाभर बर्फ असलं तरी त्या पाण्यात ट्राउट मासा जागा असतो. पण त्या दिवसांत त्याला चिलटांशिवाय खायला काही मिळत नाही, म्हणून त्याला धरायची खोटी माशीही चिलटाएवढीच लागते. तिळाएवढा गळ, त्यावर काळ्या दोऱ्याचे सात-आठ वेढे आणि पिसाचा एक तंतू. माशीने मासा धरायचा, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती कोटी वाटली होती.

वुडलँड्समधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाला गळ घट्ट धरून ठेवणारा एक चिमुकला व्हाइस कायमचा बसवलेला होता. रविवारी सकाळी एसी सोळावर, अंगात स्वेटर, डोळ्याला भिंग, अशा थाटात साडू माश्या बांधत बसायचे. "पंचवीस डिग्रीत बांधलेली माशी थंड पाण्यात खरी वाटत नाही," असं त्यांचं ठाम मत होतं. बाकीचं घर शाली पांघरून बसलेलं असायचं. एकदा मी त्याच टेबलावर पोहे खात होतो. घास तोंडाशी नेणार, तेवढ्यात साडूंनी झडप घालून माझं मनगट धरलं. "थांबा! ती मोहरी नाही!" चमच्यातली ती माशी त्यांनी चिमट्याने उचलली, पुसली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "वाचली." मी वाचलो, याबद्दल ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी इमारतीमागच्या हिरवळीवर त्यांचा सराव चाले. वीस पावलांवर स्टीलचं ताट ठेवायचं आणि काठीने दोरी हवेत लांब झुलवत तिचं टोक अलगद त्या ताटात उतरवायचं. मी त्या वेळी माझ्या बुकित बातोकच्या घरून गेलेलो असलो की ताट उचलून आणायचं काम माझ्याकडे असे. बाकावर बसणारे एक चिनी आजोबा हे महिनाभर बघत होते. शेवटी न राहवून ते म्हणाले, "अंकल, हिअर नो फिश, लाह!" साडू म्हणाले, "आय नो. आय ॲम वेटिंग." आजोबांनी थोडा विचार केला, मान डोलावली आणि त्या दिवसापासून तेही सोबतीला वाट बघू लागले.

इथल्या तलावावर जाऊ या, असं मी एकदा सुचवलं. साडूंचा चेहरा पडला. "गरम पाण्यातला मासा हो? भूक लागली की खातो, त्यात काय? थंडीत मासा जागचा हलत नाही, साडू. माशी अगदी त्याच्या तोंडासमोरून, पाण्याच्याच चालीने गेली पाहिजे. मग तो नुसतं तोंड उघडतो. दोरी ओढली जात नाही, जराशी थांबते. ते कळायला हवं." एवढं बोलून ते समोरच्या भिंतीकडे असे बघत राहिले, की मलाही तिकडे वळून बघावंसं वाटलं.

ताई, म्हणजे साडूंची बायको, माहेरची मालवणची. "इतकी वर्षं मासेमाऱ्याशी संसार केला, पण माझ्या तव्यावर एक खवलं पडलं नाही," ही तिची कायमची तक्रार. कोलोराडोत धरलेला प्रत्येक मासा साडूंनी सोडून दिला होता, हे तिला लग्नातल्या फसवणुकीसारखं वाटे. तरी दरवर्षी "या हिवाळ्यात जाऊन येऊ" असं पहिल्यांदा तीच म्हणायची. मग कधी मुलीची परीक्षा यायची, कधी कारखान्यात नवं यंत्र, कधी तिचाच गुडघा. साडू "पुढच्या हिवाळ्यात" म्हणायचे आणि माश्यांची आणखी एक डबी भरायला घ्यायचे. अशा एकवीस डब्या झाल्या.

एका रविवारी मी गेलो तर त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "साडू, जरा हा दोरा धरा." त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलत होती, जपमाळ ओढल्यासारखी. डॉक्टरांनी पुढे त्याला कंपवात म्हटलं, पण साडूंना ते दोऱ्याने आधीच सांगितलं होतं. महिन्याभरात त्यांनी व्हाइस काढून ठेवला. मग एक दिवस माझ्या ऑफिसात ताईचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "भावोजी, हे आता एसी लावतच नाहीत. घर गरम झालंय हो."

तिकिटं तिनेच काढली. मलाही ओढलं. "मला एकटीला जमायचं नाही."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघं त्या नदीवर पोचलो. काठावर बर्फ, मधे काळंभोर पाणी आणि त्यावर वाफ. साडू रबरी विजार घालून पाण्यात उतरले. इतकी वर्षं हिरवळीवर ताटात उतरणारी दोरी त्या दिवशी चार हातांवर गोळा होऊन पडू लागली. काठीचं टोक स्थिर राहीना. वीस मिनिटांनी ते बाहेर आले, काठी बर्फावर ठेवली आणि एका दगडावर बसले. मी उगाचच डोंगरांकडे बघत राहिलो.

"द्या इकडे," ताई म्हणाली. माझ्यासाठी भाड्याने घेतलेली विजार तिने चढवली होती. "कुठे टाकू, सांगा."

"अगं, तुला..."

"कुठे टाकू?"

साडूंनी बोट दाखवलं. "त्या दगडाच्या अलीकडे. जोर नको."

दोन तास ती टाकत होती आणि ते सांगत होते. काठीच्या कड्यांत बर्फ धरलं तेव्हा म्हणाले, "तोंडात धर, वितळेल." ती म्हणाली, "आणखी काय काय तोंडात घालू?" तिचे ओठ निळे पडले होते, पण ती बाहेर यायचं नाव घेईना. आणि एकदम साडू दगडावरून उठले.

"थांबली! अगं, उचल, उचल!"

मला काहीच दिसलं नव्हतं. ताईने काठी उचलली, ती वाकली, आणि काय करावं ते न कळून ती नुसती घट्ट उभी राहिली. साडू पाण्यात शिरले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात माशाखाली घातले. वीतभर लांबीचा, अंगावर लाल ठिपके. त्यांचे हात थरथरतच होते, पण पाण्यात ते कळत नव्हतं, कारण मासाही थरथरत होता.

ताई वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आधी वाटलं, खालून कोणीतरी हाक मारली." साडूंनी वर बघितलं. तिच्याकडे इतका वेळ बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सोडू या?" तिनेच विचारलं.

त्यांनी हात उघडले. मासा क्षणभर तिथेच राहिला आणि मग दिसेनासा झाला.

पुढच्या वर्षी साडूंनी नोकरी सोडली आणि दोघं नाशिकला गेली. नदीवर पुन्हा जाणं झालं नाही. आता त्यांचा आवाज फार बारीक झाला आहे. रविवारी ताई फोन त्यांच्या कानाशी धरते. मी इकडच्या पावसाचं सांगतो, ऑफिसातलं सांगतो, ते मधूनच हुंकार देतात. मग सांगण्यासारखं काही उरत नाही. पलीकडून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत राहतो, आणि आम्हा दोघांनाही फोन ठेववत नाही.