रेशनच्या रांगेतली फुंक

"फुक की गं म्हातारे. भाकरीला तोंड उघडतंय, मग फुकायलाच काय झालं?"

आमच्या गावचे बागायतदार मालक हे माझ्या सासूला म्हणाले. रेशनच्या दुकानासमोर, भर दुपारी, सगळ्या रांगेदेखत. दुकानदारानं आत्याबाईंच्या तोंडाला दारू तपासायचं एक काळं यंत्र लावलं होतं. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या तोंडात दात नाहीत. यंत्राची नळी ओठांत ठरेना. त्यात दम्याची बाई. फुंकता फुंकता लाळ गळाली, लुगड्यावर पडली. रांगेत कुणीतरी हसलं, मग बाकीचेही हसले. यंत्र वाजलं आणि त्यावर लाल दिवा लागला.

"बघा," मालक म्हणाले. "धान्य फुकटचं, अन् वर ह्या वयात घोट घ्यायचा."

आत्याबाईंनी जन्मात दारूला बोट लावलेलं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा दारूनं गेला. तो माझा नवरा. त्या पदरानं तोंड पुसत माझ्याकडं बघत राहिल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हे यंत्र गावात कसं आलं तेही सांगते. लपवत नाही. ते आणायला मीच हात वर केला होता.

आम्ही ऊसतोडीला जायचो. नवरा तोडायचा, मी मोळ्या बांधायची. प्यायला त्याला थंडीचं निमित्त, थकल्याचं निमित्त, शेवटी निमित्तही लागेना. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं आणि फडावरच्या पालात तो गेला. तेव्हापासून दारूचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. म्हणून ग्रामसभेत मालक उठून बोलले तेव्हा मला ते देवमाणूस वाटले. मालक म्हणजे गावातले मोठे बागायतदार. अर्धं गाव त्यांच्या शेतावर राबतं, मीही राबायची. गावच्या व्यसनमुक्ती समितीचे तेच अध्यक्ष. ते म्हणाले, सरकारचं धान्य घेणाऱ्यानं आधी यंत्रात फुंकायचं. दारू निघाली तर धान्य बंद.

पहिला हात माझा वर झाला.

"शाब्बास," मालक म्हणाले. "बाईमाणसाला कळायलंय, गड्यांना कळत न्हाई."

त्या शाबासकीनं मी आठ दिवस फुगून हिंडले. रेशनवाल्यांनीच का फुंकायचं, हे मी विचारलं नाही. मालकांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, पार्टी झाली की सकाळी रिकाम्या बाटल्या गोळा करून मीच पोत्यात भरायची. तरीही मला सुचलं नाही. इतकी मी अडाणी.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या ह्या अमावास्येला आमच्याकडं घरात कुणी जेवत नाही. ज्याला शेत आहे तो शेतात पूजा मांडतो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. आम्ही मालकांच्या शेतात. सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, दोन दिवस आंबवलेली. मालकीणबाईंची आंबील अशी की नाकात झिणझिण्या येतात. मालक स्वतः वाढत होते. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्या शेतात आल्या नव्हत्या. मालकांनीच माझी चरवी भरली. "म्हातारीला ने. सणाचं उपाशी ठेवू नगंस," म्हणाले.

तेवढ्यात भोंग्यावर पुकारा झाला. धान्य आलंय, वाटप आजच. मी चरवी घेऊन निघाले. दुकान आमच्या घराला लागूनच, आत्याबाई आधीच नंबर धरून बसल्या होत्या. रांगेतच दोघींनी आंबील प्यायली. त्या कितीतरी दिवसांनी चवीनं काहीतरी पीत होत्या. ओठ पुसतायत तोवर आमचा नंबर आला. मालकही जीपनं येऊन खुर्चीवर बसले होते.

आत्याबाईंच्या मागं मी फुंकलं. पुन्हा लाल.

"लिवा," मालक म्हणाले. "दोघी. तीन महिने बंद."

दुकानदारानं खडू घेतला. फळ्यावर वर लिहिलेलं होतं, 'व्यसनी लाभार्थी'. त्याखाली आमची दोघींची नावं. त्या फळ्यावरची पहिलीच नावं.

"मालक, आंबील हाय ती," मी म्हणाले. "तुमच्याच घरची."

"धरलं की समदे असंच म्हनतेत."

चरवीत तळाला आंबील उरली होती. मी ती त्यांच्या पुढ्यात धरली.

"मग तुमी बी घोट घ्या. अन् तुमी बी फुका."

मालकांनी चरवीकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी कामून फुकू? मी काय फुकटचं खातो का?"

मी चरवी खाली ठेवली. "तुमचं शेततळं कुणाच्या पैशानं झालं? ठिबक कुणाच्या? पाऊस लय झाला तवा अनुदान कुणाच्या खात्यावर आलं? तवा तुमच्या तोंडाचा वास कुणी घेतला व्हता का?"

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. त्यांनी दुकानदाराच्या हातातून यंत्र घेतलं, नळी रुमालानं हळूहळू पुसली आणि हसले.

"लय बोलता यायलंय तुला. बघू किती दिवस बोलतीस."

दुसऱ्या दिवसापासून मला कुणी कामाला बोलावलं नाही. कापसाची वेचणी जोरात होती. बायांची ट्रॉली माझ्या दारावरून जायची. ज्या बायांबरोबर मी एका डब्यात जेवले, त्या दुसरीकडं बघायच्या. त्यांना दोष देत नाही. त्यांनाही पुढच्या महिन्यात फुंकायचं होतं. पिठाच्या गिरणीत मी गेले की बोलणं थांबायचं.

पंधरा दिवसांनी दुकानदार दारात आला. बसला नाही. रस्त्याकडं बघत बोलला.

"मालकाला म्हनावं, चुकलं. गुळणी कर, मग फुक. हिरवा दिवा लागला की धान्य चालू. सरकारचा तसा नियमच न्हाई. गावाचा हाय."

डब्यात ज्वारी तळाला गेली होती. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. शब्द ओठावर आला होता. पण आत्याबाई आतून बोलल्या.

"जलमभर चुलीत फुकलं म्या. लेक भाजला तवा त्याच्या हातावर फुकलं. त्या नळीत न्हाई फुकायची आता. जा तू."

तो गेला. मी उंबऱ्यावर बसून राहिले आणि मला माझीच लाज वाटली. पंधरा दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, आम्ही दारू प्यायलो नाही हो, आंबील होती. म्हणजे दारू असती तर आम्हाला उपाशी मारणं बरोबर होतं? माझा नवरा पीत होता. तेव्हाही घरात चूल पेटत होती ती रेशनच्या धान्यावरच. ते बंद केलं असतं तर त्याची दारू सुटली नसती. त्यानं भांडी विकली असती, आणि पोटाला चिमटा मी काढला असता, आत्याबाईंनी काढला असता. दारू सोडवायला दवाखाना लागतो. तो मालकांनी कधी मागितला नाही. मी मात्र हात वर केला, आणि तो माझ्यासारखीच्याच चुलीवर उगारला गेला.

आता सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस लागली आहे. नवा विषय आहे. निराधार योजनेचा पगार घेणाऱ्या विधवांची लघवी दारूसाठी तपासायची. दुकानात खोकं येऊन पडलंय, प्लास्टिकच्या डब्यांचं. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्याही चिकटवल्यात. पहिली डबी माझ्या नावाची आहे, असं दुकानदारच सांगत फिरतो. रोज कुणीतरी नवीन येऊन मला हे सांगून जातं, आणि सांगताना आवाज खाली करतं.

मी जाणार आहे. आत्याबाईंना पाठीवर घेऊन जावं लागलं तरी जाणार आहे. ते विचारतील, त्या दिवशी काय प्यायली होतीस? मी सांगणार नाही. आंबील होती हे आता कुणालाच सांगणार नाही.

आधी सगळ्यांसमोर म्हणेन, मागच्या सभेत हात वर केला, ती माझी चूक झाली. मग माझ्या नावाची ती डबी रिकामीच, झाकण काढून, मालकांच्या टेबलावर ठेवीन. आणि धान्याची पिशवी पसरून तिथंच उभी राहीन.