कितव्यांदा?

"कितव्यांदा?" आपा हेच विचारायच्या. कुणी पाणी मागितलं तरी, मी लादी पुसली तरी, माझी पोरगी रडली तरी. आणि हातातली पेन्सिल भिंतीवर एक रेघ मारायची.

धामणकर नाक्यावर, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याच्या वरच्या माळ्यावर आपांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मी तिथे झाडू मारायचे, पाणी भरायचे. मी पाचवी शिकलेली, त्या मशीनला फडकं लावायचीही भीती वाटायची. पोरगी आठ महिन्यांची, तिला घेऊनच जायचे, कारण तापात तिला एकदा आकडी आली होती आणि तेव्हापासून तिला कुणाकडे सोडायचं मला जमायचंच नाही.

क्लासची पोरं गेली की आपा पडद्यासमोर बसायच्या. एकच छोटा प्रोग्राम परत परत चालवायच्या आणि टक लावून बघायच्या. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, बाईचं काहीतरी हरवलंय.

"काय शोधताय, आपा?" खाली लूम चालू, म्हणून ओरडूनच विचारलं.

"अगं, आपण प्रोग्राम लिहितो ती लिपी मशीनला कळत नाय. मध्ये एक वाचणारा बसलाय. तो एकेक ओळ वाचतो नि मशीनला समजावतो."

"म्हणजे माझ्यासारखाच. अक्षर लावून लावून."

"तुझ्यासारखाच. पण तो मोजतो. तेच तेच फार वेळा आलं की तेवढा तुकडा मशीनच्या भाषेत एकदाच लिहून ठेवतो. मग वाचायचं कामच नाय, सुसाट. तो नक्की कितव्यांदा लिहायला घेतो, ते मला पकडायचंय."

"आणि लिहिलेलं चुकलं तर?" मला आधी वाईटच सुचतं.

आपा हसल्या. "क्लासात कुणी हे विचारलं नाय. ज्याच्या भरवशावर लिहिलं ते बदललं ना, की लिहिलेलं टाकून देतो. परत मूळ ओळीवर येतो, हळूहळू वाचत. लाज नाय वाटत त्याला."

पुढे पोरीला परत ताप आला. औषधाच्या खोक्यावर दुकानदाराने पेनाने लिहिलेलं, 'एक चमचा'. पहिल्यांदा मी ते तीनदा वाचलं. दोन दिवसांनी हात आपोआप चालायला लागला. बाटली संपली, नवऱ्याने दुसरी आणली. क्लासातच, मांडीवर पोरगी, मी चमचा भरला, तिच्या ओठाला लावला.

"कितव्यांदा?" मागून आपा.

"सातव्यांदा," म्हटलं, आणि नजर बाटलीवर गेली. ही लहान होती. झाकणाला नळी होती. चमचा मागे घेतला, खोकं उचललं, अक्षर लावून लावून वाचलं. 'दहा थेंब.'

त्या नादात चमचा कलंडला, सगळं औषध आपांच्या कीबोर्डवर. मला वाटलं, आता काम गेलं. आपांनी माझ्या हातातलं खोकं घेऊन वाचलं. मग कीबोर्ड उलटा करून ओढणीने पुसला आणि पोरीला उचलून घेतलं. म्हणाल्या, "आता थेंब मोज. मी पण मोजते." त्या दिवशी भिंतीवर रेघ मारली नाही.

नंतर आपांना बंगळूरला मशीनमधल्या त्या वाचणाऱ्याचंच काम बघायची नोकरी मिळाली. जाताना तो कीबोर्ड मला देऊन गेल्या, दोन बटणं अजून चिकटतात. पोरगी आता बोलायला लागली, त्याच्याशीच खेळते. मी औषधाचं खोकं घेऊन एकेक अक्षर लावत बसले, की ती बटणं दाबत विचारते, "आई, कितव्यांदा?"